खो दिला, पण जागेवर कोण बसणार?

प्रति,
पोपमहोदयांचे भारतातील राजदूत,
चाणक्यपुरी, नवी दिल्ली

महोदय,

जय ख्रिस्त.

हे पत्र मराठीत लिहितोय, तेव्हा आपल्याला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तेवढी तसदी घ्याच. पुणे, नाशिक, वसई, अमरावती या धर्मप्रांतांतली पुष्कळ माणसं याच भाषेत प्रार्थना करतात, पापनिवेदन करतात आणि एकमेकांशी भांडतातही. त्यांचा बिशप कोण हे ज्या कागदांवरून ठरतं, ते कागद आपल्या कचेरीतून रोमला जातात.

३० नोव्हेंबरच्या शनिवारची गोष्ट. रोमला दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे साडेचार होतात आणि नेमणुकांच्या बातम्या त्याच सुमाराला फुटतात, हे आता आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. मी वडगाव शेरीत गिरणीवर दळणाच्या रांगेत उभा होतो. खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर बातमी आली होती: पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज मुंबईचे कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप. म्हणजे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस निवृत्त झाले की मुंबईची गादी त्यांचीच. खाली अभिनंदनांचा पाऊस पडला. हार, जोडलेले हात, कुणीतरी तर केकसुद्धा पाठवला. दळण होईस्तोवर मी बेचाळीस अभिनंदनं मोजली. मग एका बाईंनी लिहिलं, ‘मग आपलं काय?’

त्यावर कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटांनी जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी गेलेल्या एका कुटुंबानं रांगेतला फोटो टाकला आणि विषय मागे पडला.

त्या बाईंचा प्रश्न मी आपल्यापर्यंत आणतोय. त्यांना उत्तर द्यायला हवं असं कुणाला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर कुणाकडे नव्हतंही.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर पुढचं सगळं वाकडं वाचलं जाईल. बिशप जॉन यांनी ही बदली मागून घेतली असं मी म्हणत नाही, आमच्यात कुणीच म्हणत नाही. ते मूळचे मुंबईचे, तिथेच साहाय्यक बिशप होते. मुंबईला त्यांची गरज होती हेही मान्य. आमच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्याच, ‘माहेरी गेले, चांगलं झालं.’ माझा प्रश्न घर सोडून गेलेल्याबद्दल नाही. मागे राहिलेल्या घराबद्दल आहे.

मार्च २०२३ मध्ये त्यांची पुण्याला नेमणूक झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बदली. वीस महिने. पुण्यात भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो; आमच्या बिशपांचा मुक्काम दोन करारांइतकाही भरला नाही. त्यांच्या आधीचे थॉमस डाबरे चौदा वर्षं होते. त्यांच्या आधीचे व्हॅलेरियन डिसोझा १९७७ पासून २००९ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं एकच माणूस असावा असा माझा हट्ट नाही. त्यातही तोटे आहेत, ते आम्ही चाखलेत. पण वीस महिन्यांत पुणं कळत नाही, महोदय. इथं क्वार्टर गेटला सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभं राहिलेलं सिटी चर्च आहे. पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर-पोर्तुगीज शिपायांसाठी ती जागा दिली होती. तिथून पिंपरी-चिंचवडला या, तर कारखान्यांच्या आधाराने आलेले आम्ही नगरकडचे. खडकी-कॅम्पात तमिळ, कुठे मंगळूरकर, कुठे वसईकर. सकाळी सातची मिस्सा, म्हणजे उपासना, मराठी की इंग्रजी यावरून जी शीतयुद्धं होतात ती कळायलाच एक वर्ष जातं. मग सातारा, सोलापूरकडचे धर्मग्राम. बिशप तिथे पहिल्यांदा जातो तेव्हा हार घेतो. दुसऱ्यांदा जातो तेव्हा लोक तक्रारी सांगतात. तिसऱ्यांदा गेला तरच खरं काय ते सांगतात. वीस महिन्यांत तिसरी फेरी होत नाही.

आता मी माझी लबाडी कबूल करतो.

२००९ च्या एप्रिलमध्ये बिशप व्हॅलेरियन निवृत्त झाले आणि वसईचे बिशप डाबरे यांची बदली पुण्याला झाली. आम्हा मराठी मंडळींना आकाश ठेंगणं झालं. वसईकर, अस्सल मराठी बोलणारे, आणि तुकोबांवर डॉक्टरेट केलेला माणूस तुकोबांच्या देहूच्या जिल्ह्यात बिशप म्हणून येतोय! मी स्वतः पेढे वाटले. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईतून वेगळा निघाला आणि डाबरे हे त्यांचे पहिलेच बिशप, अकरा वर्षं तिथे होते. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल, हा विचार पेढे वाटताना माझ्या मनाला शिवला नाही. ‘मग आपलं काय?’ असं वसईतही कुणीतरी विचारलंच असणार. तो प्रश्न माझ्या कानावर आला नाही, कारण त्या वेळी मी अभिनंदनवाल्या बेचाळिसांत होतो.

मग शिक्षा फार दूरवरून आली, ती माझ्या वडिलांना.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्या भागात मास्तर म्हणजे पोरांना शिकवणारा तर खराच, पण फादर आले नाहीत तर रविवारची प्रार्थना चालवणारा, मयताला सर्वांच्या आधी पोचणारा, आणि वेदीवरची पुस्तकं सांभाळणारा. मिस्साच्या मोठ्या पुस्तकात पोपमहोदयांच्या नावानंतर आपल्या बिशपांचं नाव घ्यायची जागा असते. नवख्या फादरांची जीभ अडखळू नये म्हणून वडील तिथं वहीच्या कागदाची पट्टी चिकटवून ठेवायचे. आमचा नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यातून वेगळा झाला तेव्हापासून त्या पट्टीवर ‘बिशप थॉमस’ होतं. थॉमस भालेराव, जेझुइट संघाचे धर्मगुरू, वीस वर्षं. ती पट्टी पिवळी पडून पानाचाच भाग झाली होती. २००७ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा वडिलांनी ती पाण्यानं ओली करून हलकेच सोडवली. जानेवारी २००८ मध्ये फेलिक्स मच्याडो यांची नेमणूक झाली. रोममध्ये अनेक वर्षं काम केलेले, आर्चबिशपचा किताब असलेले. वडिलांनी निळ्या शाईत ठळक नाव लिहिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये वसईची रिकामी गादी भरायला आर्चबिशप फेलिक्स यांना नाशिकहून हलवलं. पट्टीवरची शाईसुद्धा फिकी झाली नव्हती.

त्या रविवारी मी गावी होतो. वडील काही बोलले नाहीत. दुपारी जेवताना म्हणाले, ‘खो-खो चाललंय.’ शाळेत ते पोरांना खो-खो शिकवायचे, त्यामुळे मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘अरे, खो-खोत उठणाऱ्याच्या जागेवर खो देणारा लगेच बसतो. रांग रिकामी राहत नाही. इथं खो देतात आणि बसत कुणीच नाही.’

तो खो पुढे कुठवर गेला ते पाहा. नाशिकची गादी एक वर्ष रिकामी राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये अमरावतीचे बिशप लूर्ड्स डॅनियल यांना नाशिकला आणलं. अमरावतीला ते २००७ पासून होते. आता अमरावती रिकामी. तिथे मुंबई धर्मप्रांताचे एलियास गोन्साल्विस यांची नेमणूक व्हायला जुलै २०१२ उजाडला. म्हणजे पुण्याच्या एका निवृत्तीनं सुरू झालेला खेळ मिटायला सव्वातीन वर्षं लागली. त्यात पुण्याचा एक दिवसही गेला नाही, वसईचे सात महिने गेले, नाशिकचं एक वर्ष गेलं आणि अमरावतीचे वीस महिने. पायरी खाली उतरत गेली तशी वाट बघण्याची मुदत वाढत गेली. मेळघाटाकडच्या माणसाला पुण्याचे बिशप कोण हेही माहीत नसेल, पण पुण्याच्या गादीचं बिल त्यानं भरलं. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये गोन्साल्विस नागपूरचे आर्चबिशप झाले आणि अमरावतीला पुन्हा खो बसला.

‘रोमला महाराष्ट्रातलं काय कळणार’ ही सबबही इथं चालत नाही. भारतातल्या लॅटिन विधीच्या धर्मप्रांतांचं काम रोममधलं जे खातं बघतं, त्याच्या प्रमुखाच्या खुर्चीवर २००६ ते २०११ या काळात खुद्द मुंबईकर कार्डिनल आयव्हन डायस होते. आमच्याच राज्यातला माणूस तिथे बसलेला असताना ही साखळी घडली. तेव्हा दोष कुणा एका माणसाच्या अज्ञानाचा नाही. पद्धतच अशी आहे की वरची जागा भरताना खालची रिकामी होते, याचा हिशेब कुठल्याच कागदावर लागत नाही.

मी वकील नाही, पण चर्चची धर्मसंहिता चाळली. कलम ३७७ सांगतं, की बिशप नेमायचा असेल तर राजदूतांनी त्या प्रांताचे आर्चबिशप, बाकीचे बिशप, बिशप परिषदेचे अध्यक्ष यांची मतं घ्यावीत, धर्मप्रांताच्या सल्लागार मंडळातल्या काहींना विचारावं, आणि वाटल्यास काही शहाण्या धर्मगुरूंना व प्रापंचिकांना एकेकट्याला, गुप्तपणे विचारावं. त्या कलमात तो एक ‘वाटल्यास’ आहे. आम्हा प्रापंचिकांची जी काही किंमत आहे ती त्या शब्दात बसवली आहे. बरं, विचारायचं ते कुठल्या धर्मप्रांताबद्दल? ज्याला बिशप द्यायचा आहे त्याबद्दल. ज्याचा बिशप काढून घ्यायचा, त्या धर्मप्रांताला काय लागेल, हे कुणाला विचारावं असं त्या कलमात कुठेच नाही. कार्डिनल ग्रेशियस हे आग्र्याचे आर्चबिशप होते. २००६ मध्ये त्यांना मुंबईला आणलं तेव्हा आग्र्याच्या माणसाला कुणी विचारलं असेल का? मला शंका आहे.

गादी रिकामी झाली की काय होतं हे दिल्लीत बसून कदाचित जाणवत नसेल, म्हणून थोडं सांगतो. सल्लागार मंडळ आठ दिवसांत प्रशासक निवडतं. तो बहुधा चांगला, कष्टाळू फादर असतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण कलम ४२८ म्हणतं, गादी रिकामी असताना नवं काही करू नये. कलम ५२५ प्रमाणे पहिलं एक वर्ष तो धर्मग्रामांना कायमचे मुख्य धर्मगुरू नेमू शकत नाही. धर्मगुरूंची परिषद बरखास्त होते. आमच्यासारख्या प्रापंचिकांना बोलायला जी एकुलती एक जागा आहे, ती पाळकीय परिषदही आपोआप संपते. म्हणजे ज्या काळात लोकांनी सर्वांत जास्त बोलायला हवं, नेमकं त्या काळात लोकांचं तोंड कायद्यानंच मिटतं. हे कलम लिहिणाऱ्यानं एकदा तरी खेड्यातल्या धर्मग्रामात राहून पाहायला हवं होतं.

एक उदाहरण देतो. धर्मप्रांत कुठला ते सांगत नाही, नावं घेऊन कुणाला उगाच अडचणीत आणायचं नाही. मुलींच्या वसतिगृहाचं पत्र्याचं छप्पर गळत होतं. खर्च लाखांत, म्हणजे वरून मंजुरी हवी. पालक दोनदा गेले. दोन्ही वेळा उत्तर एकच आणि अगदी मायेनं दिलेलं: ‘नवे बिशप येऊ देत.’ पहिल्या पावसाळ्यात सिस्टरांनी पलंग भिंतीपासून लांब ओढले आणि गळतीखाली बादल्या मांडल्या. दुसऱ्या पावसाळ्यात मुलींनी स्वतःच ठरवून टाकलं कोणती बादली कोणी ओतायची. फळ्यावर पाळ्यांचं वेळापत्रक होतं. ‘सोमवार: दाराजवळची बादली’. ते वेळापत्रक मी पाहिलंय.

आता जरा जुनं उगाळतो, कारण पुढच्या वर्षी त्याची आपल्याकडेही आठवण निघणार आहे. इ. स. ३२५ ची नायसिया परिषद, म्हणजे बिशपांची जुनी मोठी सभा. तिला पुढच्या वर्षी १७०० वर्षं होतील, सोहळे होतील, आपला विश्वास-अंगीकार तिथून आला म्हणून प्रवचनं होतील. त्याच परिषदेचा पंधरावा नियम मात्र कुणी वाचून दाखवणार नाही. तो म्हणतो, बिशप असो, धर्मगुरू असो की उपधर्मगुरू, कुणीही एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ नये. गेला तर त्याला मूळ जागी परत पाठवावं. बिशपाच्या बोटातली अंगठी लग्नाची, धर्मप्रांत ही वधू, अशी ती समजूत. तो नियम केव्हाच बाजूला पडला हे मलाही कळतं, आणि काळानुसार पडावाही. पण स्वतः पोप फ्रान्सिस यांनी जून २०१३ मध्ये रोममध्ये जमलेल्या आपल्यासारख्याच राजदूतांना जे सांगितलं ते फार जुनं नाही. बिशपपदासाठी माणसं निवडताना महत्त्वाकांक्षी उमेदवारांपासून जपा, एका चर्चचे पती असूनही सतत दुसरीच्या शोधात नसलेले असे निवडा, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. शोधात नसलेल्यालाही आपणच दुसरीकडे बोलावलं तर त्या वधूनं कुणाकडे पाहायचं?

बदली कधीच नको असं माझं म्हणणं नाही. आमच्या पुण्याच्या इतिहासातली सर्वांत नाट्यमय बदली तर मला मनापासून आवडते. हेन्री डोरिंग नावाचे जर्मन जेझुइट. आमच्या नगर जिल्ह्यातल्या केंदळला त्यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन जेझुइटांना हिंदुस्थानाबाहेर घालवलं आणि १९२१ मध्ये डोरिंग यांना रोमनं थेट जपानात, हिरोशिमाला पाठवलं. सहा वर्षांनी, १९२७ मध्ये, ते पुन्हा पुण्याला आले आणि १९४८ पर्यंत राहिले. माझे आजोबा सांगायचे, डोरिंगसाहेब परत आले तेव्हाही नगरी मराठीच बोलत होते. आजोबांच्या सगळ्या गोष्टी खऱ्या असतीलच असं नाही, पण ही मला खरी वाटते. ती बदली महायुद्धानं लादली होती आणि परत येण्याची वाट उघडी राहिली. आजच्या बदल्यांमागे महायुद्ध नाही.

सिनडबद्दलही, म्हणजे चर्चनं जगभर चालवलेल्या विचारविनिमयाबद्दलही, बोलायलाच हवं. २०२१-२२ मध्ये सगळ्या जगाबरोबर आम्हीही बसलो. चर्चच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून, हातात प्रश्नावली. आमच्या गटात एक रिक्षावाले, दोन नर्स, एक निवृत्त फौजी आणि मी. चर्च कुणाचं ऐकतं, असा एक प्रश्न त्यात होता. रिक्षावाले म्हणाले, ‘लिहा, जे बोलतात त्यांचं नाही.’ आम्ही ते सौम्य करून लिहिलं. २६ ऑक्टोबर २०२४ ला रोममध्ये सिनडचा अंतिम दस्तऐवज मंजूर झाला आणि पोपमहोदयांनी तो जसाच्या तसा स्वीकारला. त्याच्या सत्तराव्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय, की बिशपांच्या निवडीत देवाच्या प्रजेचा आवाज अधिक असावा अशी सभेची इच्छा आहे. मी तो परिच्छेद मोबाइलवरच मराठी करून आमच्या गटाला वाचून दाखवला. फौजी काका म्हणाले, ‘बघू.’ त्यानंतर पस्तीस दिवसांनी ३० नोव्हेंबर उजाडला.

पस्तीस दिवसांत पद्धत बदलत नाही, हे खरं. पण एक पत्र लिहिता येतं. ‘तुमचे बिशप आम्ही मुंबईला नेत आहोत, तुमच्या धर्मप्रांतात काय अर्धवट राहतंय ते कळवा.’ दोन ओळी. त्यानं गुपित फुटलं असतं म्हणाल तर जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवा. १ डिसेंबरच्या रविवारी आम्ही नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती लावली. तेव्हा कुणी ते पत्र वाचून दाखवलं असतं तर त्या बाईंच्या प्रश्नाला निदान पोच मिळाली असती.

धर्मसंहितेचं कलम २१२ म्हणतं, की चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत पाळकांना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही आहे. त्या आधारानं मागतोय, उर्मटपणा समजू नये.

पुण्याची गादी भरताना पुन्हा शेजारच्या छोट्या धर्मप्रांताला खो देऊ नका. द्यायचाच असेल तर आधी खालून भरत या: ज्याला उठवणार त्याच्या जागेवर कोण बसणार हे ठरल्याशिवाय वरची घोषणा करू नका. दोन्ही नावं एकाच दिवशी, साडेचारलाच येऊ देत. ते कठीण असेल तर निदान रिकाम्या गादीला एक मुदत घाला, सहा महिने म्हणा, आणि ती मुदत पुण्यापेक्षा अमरावतीसारख्या जागी अधिक कडक पाळा. पुण्याला बिशप नसला तरी इथे ज्ञानदीप हे धर्मशिक्षणाचं विद्यापीठ आहे, धर्मगुरू घडवणारी सेमिनरी आहे, धर्मगुरूंची वाण नाही. चिखलदऱ्याच्या रस्त्यावरच्या धर्मग्रामाचं तसं नाही.

दुसरं, जाणारे बिशप जाण्याआधी एक दिवस कॅथेड्रलमध्ये बसू देत. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ हे सगळं होतंच, ते होऊ दे. त्याशिवाय एक दिवस. कोणती कामं हातात होती, कोणाला शब्द दिला होता, तिजोरीत किती, कर्ज किती, हे लोकांसमोर मांडलं जावं आणि त्याची एक प्रत प्रशासकाकडे राहावी. परिषद कायद्यानं संपते, तर तिच्या सदस्यांना व्यक्ती म्हणून बोलवा. व्यक्ती तर कुठल्या कलमानं बरखास्त होत नाहीत. छप्पर दुरुस्तीच्या फायली बिशपाबरोबर बदलून जात नाहीत, त्या कपाटात राहतात. कपाट कुठलं, एवढं तरी कुणाला माहीत असावं.

आणि तिसरं सगळ्यांत सोपं. जी गुप्त प्रश्नावली आपण पाठवता, ती मराठीतही पाठवा आणि गावच्या मास्तरांसारख्या एखाद्याला पाठवा. उमेदवारांबद्दलचे प्रश्न त्याला कदाचित जमणार नाहीत. पण आपल्या धर्मप्रांताला कसा माणूस हवा आणि किती दिवस हवा, हे तो अर्ध्या पानात सांगेल.

माझे वडील आता नाहीत. बिशप लूर्ड्स नाशिकला आले तेव्हा त्यांनी पट्टीवर नाव पेनाऐवजी पेन्सिलीनं लिहिलं होतं. पुढे बिशप लूर्ड्स बरीच वर्षं राहिले, त्या अर्थानं वडिलांचा अंदाज चुकला; शेवटी शेवटी ती अक्षरं त्यांनाच पुन्हा गिरवावी लागत होती. आई गावीच असते. शनिवारी रात्री फोनवर बातमी सांगितली तर म्हणाली, ‘मग आता तुमच्याकडं खो आला म्हण की.’ एवढं बोलून ती शेजारणीच्या शेळीबद्दल सांगायला लागली.

परवा मिस्सा संपल्यावर मी आमच्या इथल्या सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, डोकावलो. वेदीवरचं पुस्तक उघडं होतं. इथंही पट्टी आहे, संगणकावर छापलेली, वर पारदर्शक टेप: ‘आमचे बिशप जॉन’. वेदीसेवक पोरगा टेपचं टोक नखानं उचकटत होता. म्हणाला, ‘अंकल, काढू का?’ बदली झालेल्या बिशपांना नव्या जागी रुजू व्हायला दोन महिन्यांची मुदत असते, हे मला त्याच आठवड्यात वाचून ठाऊक झालं होतं. म्हटलं, ‘राहू दे अजून. ते तिकडं बसेपर्यंत आपलेच आहेत.’ त्यानं टेप परत दाबून बसवली, पण एक कोपरा वर आलाय तो आलाच.

उत्तर पाठवाल तर कृपया मराठीत पाठवा. आईला वाचून दाखवायचं आहे.

आपला ख्रिस्तात,
श्रीरामपूर तालुक्यातला आणि गेली बरीच वर्षं वडगाव शेरीतला,
एका मास्तरांचा मुलगा

पुणे, आगमनकाळाचा दुसरा आठवडा, डिसेंबर २०२४